वाकलेल्या बाईचं माप

सांगलीच्या कॉलेजातून फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये कटिंगच्या टेबलावर ओणवी होऊन खडूनं रेघा मारत होते. फॅशन डिझाइन विभागाच्या प्रमुख बाई बोलत होत्या. शेवटच्या वर्षाच्या मुलांना करिअरबद्दल मार्गदर्शन करायला याल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणायच्या आतच त्या थोड्या अडखळत म्हणाल्या, "एक विनंती होती. तुमचं मुंबईचं काम दाखवा. नवरीचे घागरे, ते भरतकाम. आत्ताचं ते शेतातल्या शर्टांचं… ते थोडक्यात आवरलंत तरी चालेल. मुलांना स्वप्नं दाखवायची आहेत ना आपल्याला."

मला ते लागलं. पण खरं सांगायचं तर मी हो म्हटलं ते थोडं त्या घागऱ्यांसाठीच. कित्येक वर्षांत त्यांच्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. मी जुने फोटो शोधून काढले, एक सिल्कची साडी इस्त्री करून घेतली आणि ठरलेल्या दिवशी सकाळीच गाडी काढली.

हॉल भरलेला होता. चाळीसेक मुलं, त्यातही मुलीच जास्त. पडद्यावर पहिला घागरा आला आणि खालून "ओहो" असा आवाज उठला. मी सांगत गेले. ह्या एका घेरावर सहा कारागीर बसले होते. ह्या ओढणीचा रंग मिळेपर्यंत अकरा वेळा कापड रंगवलं होतं. टाळ्या पडत होत्या आणि मला बरं वाटत होतं. मग मी कागदावर लिहून आणलेले सल्ले वाचायला लागले. इंग्रजी सुधारा, ओळखी वाढवा, कामाचे फोटो नीट ठेवा, मोठ्या शहरात जा. मुलं खाली माना घालून लिहून घेत होती. मी बोलतेय ते सगळं खरंच होतं, तरी माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटायला लागला.

शेवटी बाई म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

दुसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. चष्मा, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, पांढराशुभ्र कुर्ता. म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. पण तिथं एवढं सगळं होतं, तर तुम्ही परत का आलात? म्हणजे… तिथं जमलं नाही का?"

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मी त्यांना हातानं थांबवलं. त्या मुलीच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा नव्हता. तिला खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं. मी लॅपटॉप बंद केला, माईक बाजूला ठेवला आणि स्टेजच्या पायरीवर येऊन बसले.

"सांगते," मी म्हटलं.

आणि मग जे थोडक्यात आवरायचं होतं, तेच मी सगळं सांगितलं.

माझं गाव वडूजजवळ. कोरडवाहू जमीन, चार जनावरं, आणि फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले वडील. मुंबईत नोकरीला लागून मला चार वर्षं झाली होती आणि मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. सकाळी आई गोठ्याशेजारी कडबाकुट्टीवर वैरण कापत होती. अंगात साडीवर वडिलांचा जुना फौजी शर्ट. आमच्याकडं रानात जाणारी प्रत्येक बाई साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट चढवते. उसाच्या पाल्यानं हात कापत नाहीत, ऊन लागत नाही. मी हे जन्मापासून बघत आले होते. कपडे बघण्याचाच मला पगार मिळत होता, पण त्या शर्टाकडं मी कधी कपडा म्हणून बघितलंच नव्हतं. त्याचा खांदा आईच्या दंडावर यायचा, बाह्या चार घड्या घालून कोपरापर्यंत दुमडलेल्या असायच्या.

त्यातली एक घडी सुटली. बाही लोंबली आणि कडब्याच्या पेंढीबरोबर मशीनच्या तोंडात ओढली गेली.

मी पाच हातांवर चहाचा कप घेऊन उभी होते. काय होतंय ते मला कळायच्या आत वडिलांनी झेप घेऊन भिंतीवरचा खटका खाली ओढला. मशीन घरघरत थांबलं तोवर कोपरापर्यंतची बाही आत गेली होती. जुनं कापड, म्हणून ते खांद्यापासून फाटलं आणि हात बाहेर राहिला. मनगटावर नुसतं खरचटलं होतं. आई मटकन खाली बसली, हाताकडं बघितलं, फाटक्या खांद्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आवं, शर्ट गेला की."

वडिलांनी मशीनची वायरच भिंतीतून उपटून काढली. सरहद्दीवर राहून आलेल्या माणसाला इतकं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. दुपारी जेवताना त्यांनी मला विचारलं, "तू कापडातलं एवढं शिकलीस. मग हिला एक धड शर्ट न्हाई का शिवता येत तुला?"

त्यात टोमणा नव्हता. सरळ प्रश्न होता.

त्याच दिवशी मी वडूजला जाऊन कापड आणलं. आईला अंगणात उभं केलं, माप घेतलं आणि शेजारच्या काकूंच्या मशीनवर बसून दुसऱ्या दिवशीपर्यंत शर्ट पुरा केला. काय सुंदर बसला होता! खांदा खांद्यावर, बाही मनगटावर. मी फोटोही काढला. आई तो घालून खुरपायला गेली, पहिल्याच वाफ्यात वाकली आणि पाठ टर्रकन उसवली. रानातल्या सगळ्या बाया हसून लोटपोट झाल्या.

दुसरा शर्ट मी सैल केला. तो वाकल्यावर गळ्याशी येऊन गोळा व्हायचा. तिसऱ्याचे कफ इतके घट्ट झाले की हात धुवायला बाही वर सरकेना. आई वैतागली नाही, पण चौथ्यांदा मी टेप घेऊन आले तेव्हा म्हणाली, "आगं, तू दर बारीला मला हुबं करतीस आन् माप घेतीस. मी दिसभरात हुबी असती कवा?"

मी टेप हातात घेऊन तशीच उभी राहिले. तीन वर्षांचा कोर्स, चार वर्षांची नोकरी, शेकडो नवऱ्या मुलींची मापं. सगळी मापं उभ्या बाईची. हात खाली, नजर समोर. कामाचं माप मी कधी घेतलंच नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी आईच्या मागं रानात फिरले. ती वाकली की वाकलेल्या पाठीवर टेप टाकायचा, उकिडवी बसली की तसं, डोक्यावर भारा चढवायला हात वर केले की तसं. वाकल्यावर बाईची पाठ चार बोटं लांब होते, हे मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. हात वर गेला की काखेतून अख्खा शर्ट वर ओढला जातो. मग मी पाठीला दोन चुण्या दिल्या, वाकलं की उघडतील आणि उभं राहिलं की मिटतील अशा. काखेत चौकोनी कापड घातलं. बाही कोपराखाली निमुळती केली आणि मनगटाला बटण दिलं, म्हणजे लोंबायला काही उरलं नाही. पाला मानेला कापतो म्हणून कॉलर उभी केली. छातीवरचा खिसा काढला, कारण वाकलं की त्यातला मोबाईल चिखलात पडतो. खिसा कमरेच्या बाजूला नेला.

चौथा शर्ट आईनं घातला आणि दोन दिवस ती त्याच्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बांधावरून एका बाईनं ओरडून विचारलं, "कुटनं आणलासा ओ ह्यो?"

"पोरीनं शिवलाय," आई म्हणाली. मग थोडं थांबून, माझ्याकडं न बघता, "पोरगी शिकून काय करती ते मला आत्ता कळलं."

मुंबईला परत जाऊन मी मालकांना सांगितलं की मला हे काम करायचंय. माणूस वाईट नव्हता. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "अगं, शेतात कोण बघतंय कपडे?" ते बघण्यासाठी नसतातच, हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. दोन दिवसांनी राजीनामा द्यायला गेले तेव्हा सुचलं.

सुरुवातीची दोन वर्षं वाईट गेली. साताऱ्यातले दुकानदार म्हणायचे, नवऱ्याचा जुना शर्ट फुकट असताना तुमचा कोण घेणार? त्यांचंही चुकत नव्हतं. शेवटी वडूजच्या आठवडी बाजारात मी आणि आईनं चादर पसरली. आई शर्ट घालून भर बाजारात वाकून दाखवायची, उकिडवी बसायची, हात वर करून दाखवायची. आधी बायका हसायच्या. मग एखादी म्हणायची, "बघू, मला वाकू दे." आणि एकदा अंगात घालून वाकली की ती तो काढायची नाही. तिथून शर्ट गावोगाव गेले. महाबळेश्वरच्या वाटेवर स्ट्रॉबेरीच्या रानात काम करणाऱ्या बायकांनी बाहीच्या कफाला आतून जाड अस्तर मागितलं, थंडीत ओल्या पानांनी मनगटं गारठतात म्हणून. ते दिलं. आज माझ्याकडं अठरा बायका शिवायला बसतात आणि शिवलेले शर्ट मागणीला पुरे पडत नाहीत.

एवढं सांगून मी थांबले. हॉलमध्ये कुणी लिहून घेत नव्हतं. ती मुलगी अजून उभीच होती. म्हणाली, "म्हणजे आम्हीपण मुंबईला जायचंच नाही का?"

"जा की. जरूर जा," मी म्हटलं. "माझा हात तिथंच तयार झाला. चांगली शिवण, चांगलं कापड, दिलेला शब्द पाळणं, हे मी तिथं शिकले. ते शिकले नसते तर आईचा चौथा शर्टसुद्धा जमला नसता. फक्त एक करा. परत येणं म्हणजे हरणं, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. आणि कुठंही जा, माप घ्यायच्या आधी बघा, ती बाई दिवसभर करते काय."

मग माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक. मी विचारलं, "तुमच्या सांगलीत दिवसभर वाकून, बसून काम करणाऱ्या बायका कुठं आहेत?"

कुणीतरी मागून म्हणालं, "मार्केट यार्डात. हळदीच्या गोदामात."

"तिथं आत कोण कोण गेलंय?"

एकही हात वर आला नाही. मग त्या चष्मेवालीनं अर्धा हात वर केला. "माझ्या वडिलांची अडत आहे तिथं. मी पेढीपर्यंत गेलेय. मागं गोदामात कधीच नाही."

मी बाईंकडं बघितलं. "किती लांब आहे?"

"पंधरा मिनिटं," बाई म्हणाल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "आत्ता? अहो, अजून आभारप्रदर्शन आहे."

"आभार तिथंच मानू."

मुलं हसली आणि उठलीच. एकेका स्कूटरवर तिघी-तिघी बसल्या, कुणी रिक्षा केली, उरलेल्यांनी सिटी बस पकडली. विभागात होते नव्हते तेवढे टेप बाईंनी स्वतः पिशवीत भरून घेतले. मला तेव्हाच त्या आवडायला लागल्या.

सकाळचे सौदे संपून यार्ड जरा निवांत झालं होतं. त्या मुलीचे वडील पेढीवर गादीला टेकून फोनवर भाव बोलत होते. आपली मुलगी अख्खा वर्ग घेऊन दारात उभी बघून त्यांनी फोन कानावरून खाली घेतला.

"अगं, हे काय? मोर्चा आहे का?"

"बाबा, मापं घ्यायचीत. बायकांची."

"कुणाच्या बायकांची?"

"आपल्या गोदामातल्या."

ते तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं आणि बाईंकडं. एवढ्या मुलींसमोर नाही कसं म्हणायचं असा प्रश्न त्यांना पडला असावा. "अर्धा तास," ते म्हणाले. "आणि मालावर पाय द्यायचा नाही."

गोदामात शिरलो आणि सगळं पिवळं झालं. जमीन, भिंती, पत्र्यातून येणारं ऊन, सगळंच. ढिगांच्या कडेनं बायका बसून हळकुंडं निवडत होत्या. नाकातोंडाला टॉवेल बांधलेले आणि साडीवर तेच, नवऱ्यांचे जुने शर्ट. मूळ रंग कुठलाही असो, आता सगळे हळदीचे. त्यांच्यातली सगळ्यांत वयस्कर बाई टॉवेल खाली ओढून म्हणाली, "काय गं पोरींनू, कशाला आलासा?"

मी मुद्दाम मागं सरले. चाळीस जण टेप हातात घेऊन दाराशी गर्दी करून उभे. मग ती चष्मेवाली पुढं झाली आणि आपल्या पांढऱ्या कुर्त्यासकट सरळ त्या धुळीत मांडी घालून बसली.

"मावशी, ह्या शर्टाचा तुम्हाला काय काय त्रास होतो?"

म्हातारीनं डोळे बारीक केले. "तू शेठची लेक न्हवं?"

"हो."

"मग खाली कशाला बसलीस? कापडं खराब हुतील."

"होऊ देत."

म्हातारी हातातलं हळकुंड ढिगात टाकून म्हणाली, "आजपतोर आमाला काम किती झालं ह्येच इचारलं सगळ्यांनी. अंगातल्या कापडाचं कुणी इचारलं न्हाई."

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. धूळ गळ्यातून आत जाते आणि घामात मिसळून अंगाला खाज सुटते. पुरुषाच्या शर्टाची बटणं बसल्यावर मधनंच उघडतात. बाही ढिगात लोळते. एक तरुण बाई तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, ती हळूच म्हणाली, "ह्याला पाजायचं झालं की आख्खा शर्ट काढावा लागतोय." मुली लिहीत होत्या, बसलेल्या बायकांच्या पाठीवर टेप टाकत होत्या, बायका गुदगुल्या झाल्यासारख्या हसत होत्या. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. पेढीवरून चहा आला, तोही सगळ्यांसाठी, बायकांसकट. निघताना बाईंनी खरोखरच तिथंच आभार मानले. म्हातारी म्हणाली, "आभार ऱ्हाऊ दे. शर्ट आणा."

आठवड्याभरात बाईंचा फोन आला. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यांनी हाच ठरवला होता, गोदामातल्या बाईसाठी कपडा. मी विचारलं, "तपासणार कोण?" बाहेरचे परीक्षक विद्यापीठाकडून येणार होते. पण काही गुण विभागाच्या हातात होते. मी म्हटलं, "मग ते गुण त्या बायकांना देऊ द्या."

"बघते," एवढंच म्हणून बाईंनी फोन ठेवला. मला वाटलं, जरा जास्तच मागितलं. पण नंतर मला कळलं की त्या फोन ठेवून तशाच प्राचार्यांकडं गेल्या होत्या. त्यांना काय कळतं त्यातलं, असं प्राचार्य म्हणाले. तेव्हा ह्याच बाई, ज्यांनी मला शर्टांचं थोडक्यात आवरायला सांगितलं होतं, त्यांना म्हणाल्या, "सर, घालणार त्या आहेत. त्यांना नाही कळणार तर कुणाला कळणार?"

परीक्षेच्या दिवशी मला बोलावणं होतं. तीन परीक्षक गोदामातून आल्या होत्या. त्यांच्यासाठी स्टेजवर खुर्च्या मांडल्या होत्या, पुढं टेबलावर पाण्याच्या बाटल्या. म्हातारीनं खुर्चीकडं एकदा बघितलं. "खुर्चीवर बसून कसं कळंल?" म्हणाली आणि जमिनीवर तरट अंथरायला लावलं. हळदीचं एक पोतं चष्मेवालीच्या वडिलांनी पाठवलं होतं, ते तिथंच रिकामं केलं. एकेक कपडा अंगात घालायचा, निवडायला बसायचं आणि निकाल द्यायचा, असं त्यांनी आपणच ठरवून टाकलं.

निकाल कडक होते. एका मुलीनं बाह्यांवर सुरेख फुलं भरली होती. तो शर्ट तिघींनी हातात घेऊन कौतुकानं बघितला आणि परत दिला. "ह्यो सणाला." एका मुलानं बटणांऐवजी चेन लावली होती. "बोटं हळदीची आमची. चेन वडू कशी?" त्या मुलाचा चेहरा पडला, पण त्यानं तिथंच खाली बसून वहीत लिहून घेतलं. एकाचा गळा इतका बंद होता की घालणारी म्हणाली, "फाशी दितोस व्हय रं?" हॉल हसून कोसळला आणि तोही हसला.

मग चष्मेवालीची पाळी आली. बाईंनी माझ्या कानात सांगितलं की ती दर शनिवारी गोदामात जाऊन बसत होती आणि हा तिचा सातवा नमुना होता. मी तो कपडा हातात घेतला आणि बघतच राहिले. पुढचे दोन पदर एकमेकांवर येऊन बाजूला नाडीनं बांधायचे, म्हणजे बसल्यावर उघडायला मध्ये काही नाही, आणि मूल घ्यायचं झालं तर एक पदर बाजूला केला की झालं. गळ्याला उरेप, म्हणजे कापड तिरकं धरून कापलेली मऊ पट्टी, जी मानेला धरून बसत होती पण आवळत नव्हती. आणि ती पट्टी वेगळी निघत होती. रोज धुवायला अख्खा कपडा नको, तेवढीच काढून धुवायची. इतकी वर्षं कॉलरी शिवून हे मला सुचलं नव्हतं. मला हेवा वाटला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

म्हातारीनं तो घातला, नाडी बांधली आणि निवडायला बसली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाकीचे शर्ट तिनं दोन-तीन मिनिटांत काढले होते. हॉलमध्ये हळकुंडं हळकुंडांवर पडण्याचा तेवढा टकटक आवाज. चष्मेवालीनं शेजारणीचा हात घट्ट धरला होता. शेवटी बाई घड्याळात बघून म्हणाल्या, "मावशी, काय ठरलं?"

म्हातारी वर न बघता म्हणाली, "थांब की जरा. काम चाललंय न्हवं?"

एक क्षण कुणालाच उमगलं नाही. मग उमगलं. अंगात नवा कपडा आहे, हेच ती विसरली होती. आधी मी टाळी वाजवली की बाईंनी, ते आठवत नाही, पण पुढच्याच क्षणी सगळा हॉल उभा होता. म्हातारीला कळेना की झालं काय.

"दहापैकी किती?" बाईंनी विचारलं.

"धा."

"काही कमी?"

"खिसा डाव्या अंगाला पायजे हुता. मी डावरी हाय." मुलीचा चेहरा उतरलेला बघून तिनं लगेच हात हलवला. "न्हाई, न्हाई. तरी धाच. खिसा दे नंतर करून."

मुलीचे वडील मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ते आल्याचं मला कळलंही नव्हतं. पुढं येऊन मला म्हणाले, "खरं सांगू मॅडम, लग्न होईतोवर शिकू दे म्हणून पाठवली होती. वेळ जाईल तिचा, एवढंच." मग त्यांनी घसा खाकरला आणि मुलीकडं वळून, एखाद्या गिऱ्हाइकासारखं विचारलं, "आपल्या गोदामातल्या सगळ्या बायकांना पाहिजेत. कधी देतेस?"

मला वाटलं, ती रडेल किंवा वडिलांच्या पाया पडेल. तिनं अंबाड्यातली पेन्सिल काढली. "आधी प्रत्येकीचं माप घ्यावं लागेल, बाबा. दोन दिवस दुपारी बायका मोकळ्या सोडा."

"आणि माल?"

"माल थांबेल."

शेठ हसले. यार्डात त्यांना असं बोलणारं माणूस नसावं. "बरं," ते म्हणाले. "थांबू दे."

त्या गळ्याच्या पट्टीबद्दल मी तिच्याशी तिथंच बोलले. तिची परवानगी घेऊन आता ती आमच्या शर्टांनाही असते आणि आतल्या लेबलवर पट्टी कुणाची ते लिहिलेलं असतं. तिचं स्वतःचं युनिट सांगलीतच आहे, यार्डाच्या मागच्या गल्लीत. चेन लावणारा तो मुलगा तिच्याकडंच कटिंग करतो. वर्गातल्या दोघी मुंबईला गेल्या. त्या फोन करतात तेव्हा कामाचं सांगतात आणि मी ऐकून घेते, कारण त्यांच्याकडूनही मला शिकायचं असतं.

पण त्या दिवसाचं शेवटचं सांगायचं राहिलं. सगळं आटोपलं आणि परीक्षक बायका जायला निघाल्या, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की दहा गुणांचा तो कपडा अजून म्हातारीच्याच अंगात आहे. त्या जिन्यापर्यंत मागं धावल्या. "अहो मावशी, तो विभागात जमा करायचाय! नोंद व्हायची आहे अजून!"

म्हातारी अर्ध्या जिन्यात थांबली आणि वळली. "गुण दिलं न्हवं मी?"

"दिलेत."

"मग आता कशाला काढू?"

ती जिना उतरून खाली गेली, रिक्षात इतर दोघींना सरकवून मधोमध बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चल रं, यार्डात." गेटातून रिक्षा बाहेर पडेपर्यंत खिडकीशी जमलेली मुलं टाळ्या वाजवत होती. बाईंनी रजिस्टर उघडलं, जरा विचार केला आणि त्या कपड्यापुढं लिहिलं, 'वापरात'.